टिकाऊ सिस्टरबाई

कोणतीही आरोग्य योजना टिकाऊ आहे की नाही, हे तिची मदत बंद झाल्याशिवाय कळत नाही, याबाबत जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत आहे. (एकमत व्हायला चार परिषदा लागल्या.) म्हणूनच मंगळवारी सकाळी तीन परदेशी पाहुणे आणि एक दुभाषी लसीकरण केंद्रात दाखल झाले. सिस्टरबाई एका बाळाच्या मांडीवर कापूस दाबून उभ्या होत्या.

"उद्या आमची मदत थांबली, तर तुम्ही काय कराल, असं विचारतायत," दुभाषी म्हणाला.

"थांबली तर? अहो, दोन वर्षं झाली की थांबून."

पाहुण्यांनी कागद चाळले. बाईंचे म्हणणे खरे निघाले. मग त्यांची उत्सुकता वाढली.

"लस थंड ठेवायला बर्फ कुठून आणता?"

"नवरा बर्फाच्या कारखान्यात आहे. येताना घेऊन येतो."

"आणि लांबच्या वस्त्यांना जायला गाडी?"

"दिराची रिक्षा आहे."

"त्याला काय देता?"

"त्याची बोलणी ऐकून घेते."

सगळे रीतसर लिहून घेतले गेले. नवरा 'खासगी क्षेत्राची भागीदारी' झाला, दीर 'स्थानिक वाहतूक जाळे', बाईंची पोरं सांभाळणाऱ्या सासूबाई 'समुदायाचे योगदान'. बाईंची कंबर दुखते, ही बाब 'मनुष्यबळ विकास' खाली गेली, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

बाईंना जरा आशा वाटली. "मग मदत पुन्हा सुरू होईल का हो?"

पाहुणे प्रेमळपणे हसले. दुभाष्याने मान खाली घालून सांगितले, "आता कशाला, म्हणतात. तुम्ही टिकलात ना."

उलट बाईंनाच राजधानीत आठ दिवसांच्या कार्यशाळेला बोलावणे आले. विषय : मदतीविना कार्यक्रम कसा टिकवावा.

"मग इथं कोण बघणार?" बाईंनी फोनवर विचारले.

"केंद्र टिकाऊ असल्याचा दाखला आहे," उत्तर आले.

तिसऱ्या दिवशी बाईंना माईक मिळाला. समोर गार सभागृह, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. बाई म्हणाल्या, "आज लसीचा वार. माझ्या केंद्राला कुलूप आहे. वीसेक बाया पोरं कडेवर घेऊन परत गेल्या असतील. मला आज सोडता का?"

दुभाष्याने ते चोख भाषांतरित केले. सभागृह दोन मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. अनेकांचे डोळे पाणावले. बाईंना आठव्या दिवशी सोडले.

ही हकीकत वाचून ज्यांना बाईंचे मनापासून कौतुक वाटले, त्यांची नोंद 'जागतिक सहकार्य' या सदरात झाली आहे. आपल्याकडून याहून अधिक काही अपेक्षित नाही.