कुरुंद्यातला बर्फ

भुजंगला शिमल्याचं भाडं अजून मिळालं नव्हतं, तरी ते मिळाल्याची बातमी त्याने निम्म्या कुरुंद्याला देऊन टाकली होती. हळदीचे व्यापारी प्रमोदशेठ एवढंच म्हणाले होते, की तिकडच्या एका मसालेवाल्याला वीस पोती हळद पाठवायची आहे, रस्ता अरुंद आहे म्हणून पिकअपच लागेल आणि सध्या तिकडे बर्फ पडतोय. आता हे भाडं दुसऱ्या कुणाला गेलं असतं, तर भुजंगला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आपल्या पिकअपला बर्फात चालतील असे टायर घ्यायला तो बायकोला, नर्मदाबाईला, घेऊन वसमतला हनुमानच्या दुकानात गेला.

"बर्फाला मऊ रबराचे टायर लागतात, बारीक चिरांचे. मागवावे लागतील," हनुमान म्हणाला.

भुजंगने बैल पारखावा तशी प्रत्येक टायरला प्रदक्षिणा घातली, थापा मारल्या आणि ट्रॅक्टरला शोभतील असे चार दांडगे टायर निवडले.

"आवं, ते मऊ म्हणून राहिले," नर्मदाबाई म्हणाली.

"मऊ भाकर आसती. टायर कसा मर्दानी पायजे!"

दुसऱ्या दिवशी प्रमोदशेठनी टायर पाहिले. "दिसायला झकास हायेत. पण घसरणीवर गाडी चालवली का कधी?"

"हजार बार!"

ही शुद्ध थाप होती. पावसाळ्यात गाडी चिखलाने बरबटते म्हणून भुजंग शेताकडे फिरकतच नसे.

"मंग दाखवा," म्हणत शेठनी आपल्या सिमेंटच्या खळ्यावर दोन पोती डागी सोयाबीन पसरायला लावलं. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून दरसाल कोण ना कोण घसरून पडतं, त्यामुळे कुरुंद्यात बर्फाला याहून चांगला पर्याय नव्हता. बघायला गाव लोटलं.

भुजंग ऐटीत तिसऱ्या गिअरमध्ये आला आणि खळ्याच्या मधोमध त्याने करकचून ब्रेक दाबला. चारी चाकं थांबली. गाडी मात्र निघालेलीच होती. तिने सावकाश एक गिरकी घेतली, तशी माणसं दिसेल त्या वाटेने पळाली.

"आवं, बिरेक सोडा!" नर्मदाबाई ओरडली.

"बिरेक सोडला तं थांबंल कशी?"

"आत्ता तरी कुठं थांबून राहिली?"

शेवटी रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शेपूट खुपसून गाडी थांबली. भुजंगने घाईघाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर चाकं जागच्या जागी गरगरली आणि सोयाबीन प्रमोदशेठच्या चष्म्यावर ताडताड आदळलं.

शेठनी चष्मा पुसला. "मी त्या दुसऱ्या पिकअपवाल्या सुदामला इचारतो," म्हणत त्यांनी फोन काढला.

"थांबा शेठ," नर्मदाबाईने पदर खोचला. "आवं, उतरा तुमी."

तिने आधी मागच्या चाकांवर बरोबर भार येईल अशी सहा भरलेली पोती गाडीत ठेवायला लावली. मग दुसरा गिअर टाकून तिने हलकेच क्लच सोडला. ब्रेकला पाय न लावता तिने खळ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि गाडी शेठच्या पुढ्यात अलगद आणून उभी केली.

"वैनी, हे कुठं शिकल्या?"

"शेरडांचा चारा आणाया पावसाळ्यात मीच न्हेते गाडी. काळ्या रानात बिरेक दाबला की सरळ नालीत."

प्रमोदशेठनी फोन खिशात टाकला. "भाडं पक्कं! पण टायर बदलायचे, आन चालवायची वैनीनी."

"आन मी?" भुजंगने दबकत विचारलं.

शेठनी जरा विचार केला. "येताना गाडी रिकामी ऱ्हाईल. मागं वजन लागंल की."

अख्खं खळं खदखदून हसलं. भुजंगला ते लागलं, नाही असं नाही. पण शिमल्याला जाणं तर ठरलं होतं, आणि गावाला दिलेली बातमीही खरी झाली होती.

दुपारी तो जेवायला बसला. तीन भाकरी झाल्या, तरी ताट सरकवेना.

"काहून, पोट भरलं न्हाई का?" नर्मदाबाईने विचारलं.

"पोट भरलं," भुजंग गंभीरपणे म्हणाला, "पण वाढ आजून एक. तुला मागं वजन कमी पडाया नगं."