अण्णा सप्र्यांची मागची सीट

आमच्याकडे कुणी मोटारसायकलवरून आलं, की आमचे घरमालक अण्णा सप्रे आधी गाडीची विचारपूस करतात आणि मग माणसाची. वाकून अंगठ्याने टायर दाबतात, साखळीला बोट लावून ते बोट नाकाशी नेतात, ब्रेक हलवून पाहतात, आणि हे सगळं आटोपल्यावर मान वर करून विचारतात, "हाँ भैया, कोणाकडे?" पाहुणा तोवर हेल्मेट काखेत धरून आरोपीसारखा उभा. माझा सख्खा भाऊ साताऱ्याहून भेटायला आला, तो स्टेशनवरून कुणा मित्राची गाडी घेऊन. त्याला पाणी विचारायच्या आधी अण्णांनी त्याचा पुढचा ब्रेक आवळून दिला. तो सांगत होता, अहो, गाडी मित्राची आहे. अण्णा म्हणाले, मग मित्रालाही जगू दे.

आम्ही फौजी माणसं. नवरा संदीप बबीन्याच्या छावणीत, आणि क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही झाशीत सप्र्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. सप्रे मूळचे आपल्याकडचेच, पण किती पिढ्यांमागे इकडे आले ते त्यांनाही धड सांगता येत नाही. अण्णांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, ही अर्धी पोथीतली आहे आणि अर्धी बड्या बाजारातली. "सूनबाई, अंमळ थांबा, गाडी पाहून घेतो, वरना रस्त्यात धोका देईल." ऐकून ऐकून माझीच भाषा अशी झालीय, की आई फोनवर विचारते, अगं, तू कुणाच्या घरातून बोलतेस?

अण्णांची नोकरी एका सरकारी कचेरीत झाली. तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते एकाच विषयावर: जुन्या गाडीत काय बदलावं आणि कशाला हात लावू नये.

छावणीत कुणाची बदली झाली, की त्याची गाडी विकायला निघते. तशीच एक आमच्या संदीपने घेतली. गाडी दारात आली त्याच दिवशी साहेबांच्या डोक्यात बेत शिजायला लागले. फटाके फोडणारा सायलेन्सर, मागे जाडजूड टायर, रंगीत दिवे, टाकीवर गरुडाचं चित्र. मी म्हटलं, जरा अण्णांना विचार. मला वाटलं, म्हातारा माणूस, दोन शब्द सांगेल. त्यांनी अंगणात खाट टाकून दरबारच भरवला.

अण्णांचा कायदा सोपा आहे आणि तो ते दुधवाल्यालाही ऐकवतात. "आधी थांबायचं, मग दिसायचं, मग बसायचं. मिरवायचं राहिलं तर राहू द्या." म्हणजे पहिला खर्च ब्रेक आणि टायरवर. दुसरा दिवे, हॉर्न आणि आरशांवर, म्हणजे आपल्याला जग दिसावं आणि जगाला आपण. तिसरा सीटवर आणि शॉकअपवर. हा क्रम मोडला त्याची गाडी गेली कामातून. संदीपने सायलेन्सरचा विषय काढला, तर म्हणाले, म्हशीच्या गळ्यात मोठी घंटा बांधली म्हणून दूध वाढतं का, भैया? जाड टायरवर म्हणाले, इंजिनाला विचारलंस? ओढायचं त्याला आहे. रंगीत दिव्यांवर नुसतं इतकंच, की वरात कधी आहे ते सांग, आम्ही येऊ.

साखळी मात्र बदलायला लावली, आणि तीही एकटी नाही, पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांसकट. का, तर म्हणे सून नवी आणि सासू जुनी राहिली की घासाघीस होते आणि शेवटी दोघी झिजतात. मी हळूच काकूंकडे, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे पाहिलं. काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण एक काडी जरा जोरात मोडली. गरुड उडाला, सायलेन्सर गेला, आणि आमची गाडी अशी शहाण्यासारखी चालायला लागली की संदीपला तिची लाज वाटते आणि मला अभिमान.

आता खरी गंमत ऐका. इतका कायदा शिकवणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी बघाल तर कपाळाला हात लावाल. पुढून पाहिलं तर वैरागी. टाकीचा रंग उडालेला, एकच आरसा, तोही तडकलेला. आणि मागून पाहिलं तर दिवाणखाना. मऊ लांबरुंद सीट, तिला पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, एका बाजूला बसणारीला दोन्ही पाय ठेवता येतील अशी पाटी. शॉकअप तर असे, की खड्ड्यातून गेलात तरी मांडीवरचा पेढ्यांचा पुडा हलायचा नाही. आणि या दिवाणखान्यात बसायला कुणी नाही. सीट कायम रिकामी.

ती रिकामी का, हे सगळ्या बड्या बाजाराला ठाऊक आहे. आम्ही यायच्या आधीची गोष्ट. अण्णा आणि काकू भाजी घेऊन निघाले होते. काकू अजून नीट टेकल्याही नव्हत्या, तोच अण्णांनी क्लच सोडला. गाडी पुढे आणि काकू दुधी भोपळ्यासकट खाली. लागलं फारसं नाही. काकूंनी हाका मारल्या, "अहो! अहो!" पण काकू जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नाही, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. माणसं जमली. कुणी म्हणालं, अम्माजी, भाईसाब का नाम बताओ, हम पुकारते हैं. काकू तशाच रस्त्यात बसून राहिल्या, पण नाव घेतलं नाही. आणि अण्णा? ते कार्बुरेटर कसा साफ करावा हे सांगत सांगत पार सदर बाजारापर्यंत गेले. तिथे "काय म्हणतेस?" असं विचारून मागे वळले, तेव्हा मागे पिशवीसुद्धा नव्हती.

त्या दिवसापासून काकू गाडीवर बसल्या नाहीत. दर चतुर्थीला दोघं गणपतीच्या देवळात जातात, पण काकू ऑटोने. आणि अण्णा? अण्णा ऑटोच्या मागून, ऑटोच्याच चालीने, रिकामी सीट घेऊन. येताना तीच वरात. मधल्या काळात सीटवर एक एक गोष्ट चढत गेली. आधी गादी, मग दांड्या, मग पाटी. नवीन काही बसवलं की अण्णा अंगणात गाडी उभी करायचे, फडक्याने सीट पुसायचे आणि खोकायचे. काकू खिडकीतून बघायच्या, छान आहे म्हणायच्या, आणि ऑटोवाल्याला फोन लावायच्या. मला तर दोघांचाही राग यायचा.

एकदा पापड लाटताना मी काकूंना तोंडावरच विचारलं, की काकू, पडायची इतकी भीती वाटते का अजून? लाटणं थांबलं.

"पडायचं काय गं," काकू म्हणाल्या. "पण सदर येईपर्यंत ह्यांना कळलंच नाही, मागे मी नाही म्हणून. मग इतकी वर्षं हे बोलत होते ते कुणाशी?"

त्या पुन्हा पापड लाटायला लागल्या आणि तो पार फाटेपर्यंत लाटला.

आता असली गोष्ट माझ्या पोटात कशी राहणार? संध्याकाळी अण्णा गाडीशी खुडबुड करत होते. त्यांना अजून मऊ सीटकव्हर आणायचं होतं. मी म्हटलं, अण्णा, पैसे वाया घालवू नका, आणि काकू जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगून टाकलं. अण्णांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं, उगाच बोलले मी, मेली माझी जीभ. मग हात पुसत ते म्हणाले, "क्रम चुकला, सूनबाई. दिसायच्या आधी मी बसायचं बघत राहिलो."

पुढची चतुर्थी आली. काकू जरीकाठाचं लुगडं नेसून, दुर्वांची पुडी घेऊन बाहेर आल्या. ऑटो दारात उभाच होता. अण्णांनी गाडी त्याच्या पुढे लावली होती. उजवीकडे तडकलेल्याच्या जागी नवा आरसा. डावीकडे आणखी एक, छोटा, गोल, आणि तो असा वाकडा वळवलेला की आमचा संदीप लगेच सरळ करायला धावला. अण्णांनी त्याचा हात धरला.

काकूंनी वाकून त्या आरशात पाहिलं. त्यात रस्ता नव्हताच. मागची सीट होती, आणि वाकल्यामुळे आता त्यांचं कुंकू.

"यात रस्ता कुठे दिसतो?" त्यांनी विचारलं.

"रस्ता उजव्यात दिसतो," अण्णा हँडलकडे बघत म्हणाले. "हा तुला बघायला."

काकूंनी दुर्वांची पुडी या हातातून त्या हातात घेतली. मग पदर खोचला, दांडी धरली आणि बसल्या. मला रडू यायला लागलं आणि संदीप म्हणतो, आता ऑटोवाल्याचं काय? ऑटोवाला भला माणूस. म्हणाला, चलो, हम भी दर्शन कर लेंगे, आणि रिकामा ऑटो घेऊन त्यांच्या मागून निघाला.

अण्णांनी क्लच इतका हळू सोडला की शेजारची शेळी त्यांच्या पुढे गेली. कार्बुरेटरबद्दल एक अक्षर नाही. दोन-चार हात गेले की विचारायचे, "आहेस ना?" काकू म्हणायच्या, "आहे." विजेच्या खांबापाशी पुन्हा, "आहेस ना?" "आहे हो." गल्लीच्या तोंडाशी, समोरून मोठा ट्रॅक्टर येत होता तरी, अण्णांची मान त्या छोट्या आरशाकडेच.

"आहेस ना?"

"आहे," काकू म्हणाल्या. "आता पुढे बघा."