सभ्य माणसाने वापरलेलं मशीन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या ठकीने बापाच्या मशीनची नळी तोंडात घातली आणि बटण दाबलं. वेळ नक्की आठवते, कारण किंचाळण्याआधी मी घड्याळाकडे पाहिलं. (कुठलीही गोष्ट घडली की मी आधी घड्याळ बघते. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.) ठकी दहा महिन्यांची. तिचे दोन्ही गाल फुग्यासारखे फुगले होते आणि ती खूश होती. मी मात्र भिंतीला टेकले.

मशीन म्हणजे झोपेत श्वास अडकतो त्या माणसांचं. आमचे हे सात नंबरच्या बसचे ड्रायव्हर. ह्यांचं घोरणं असं, की वरच्या मजल्यावरचे लोक आम्हाला सकाळी "गाडी सुरू झाली का?" असं विचारायचे. मला घोरण्याचं काही नव्हतं, मला भीती घोरणं थांबायचं त्याची. मध्येच सगळं गप्प. मग मी उठून ह्यांच्या नाकाखाली बोट धरायची. ठकीच्या नाकाखाली धरतेच, तेव्हा जाता जाता बापाच्याही. त्यात वावगं काय?

पण डेपोच्या डॉक्टरांनी ह्यांना पकडलं. म्हणाले, "रोज रात्री हे मशीन लावून झोपायचं. मशीनमधल्या कार्डात झोपेची नोंद होते, तीन महिन्यांनी ते कार्ड आणून दाखवायचं. कार्ड चांगलं निघालं तर गाडीवर, नाहीतर यार्डात."

हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "तीन महिन्यांनी मशीन तपासणार आहेत." पुरुषमाणसं घरी निरोप आणतात ते असे, अर्धे वाटेत सांडलेले. मला वाटलं, स्वच्छ ठेवलंय का ते तपासणार. म्हणून मी ते रोज पुसायची.

हे मशीन ह्यांनी मोबाईलवरच्या लिलावात घेतलं होतं, जुनं. सहा जणांना हरवून, शेवटच्या चार सेकंदांत बोली लावून. ती गोष्ट ह्यांनी सगळ्या डेपोला सांगितली, माझ्या भावाला दोनदा सांगितली. मला मात्र पहिल्या दिवसापासून ते पटलं नव्हतं. कोणाच्या नाकावरचं, कोणाच्या श्वासाचं, देव जाणे! आणि मास्क लावल्यावर नाकाखाली बोटही धरता येईना. तो जरा बाजूला करून, बघून, परत नीट लावायला लागायचा. आणखी एक काम वाढलं.

त्यात मशीन आल्यापासून हे सकाळी जास्तच जांभया द्यायला लागले.

"अहो, झोप झाली नाही का?"

"आठ तास झोपलो की. तरी अंग आंबल्यासारखं वाटतं बघ."

मी मनात म्हटलं, मशीनच वाईट आहे. आधीच्या माणसाचा काहीतरी आजार त्यात बसलाय. आणि त्या मंगळवारी आजार बसलेली ती नळी माझ्या लेकीच्या तोंडात गेली. तिथेच ठरवलं, हे विकायचं आणि अगदी असंच, ह्याच रंगाचं, दुसरं चांगलं आणायचं. ह्यांना कळू न देता. चार सेकंदांची गोष्ट इतक्या लोकांना सांगून झालेल्या माणसाला "तुमचं मशीन वाईट आहे" हे कोण सांगणार?

(दुसरंही जुनंच असणार, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्याच्याखाली "अगदी नव्यासारखं" असं लिहिलं होतं. आपल्या मशीनखाली तसं काही नव्हतं.)

विकणाऱ्याचं टोपणनाव होतं 'घुबड'. मला वाटलं, कोणीतरी पक्ष्यांची आवड असलेला माणूस असेल. बोली मी जिंकले. ठकीला कडेवर घेऊन, डाव्या हाताच्या अंगठ्याने. आनंद असा झाला की दार उघडून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायची सोय नव्हती. खोकं आलं ते मी ठकीच्या लंगोटांच्या टोपलीत खाली दडवलं. त्या टोपलीला हे हात लावत नाहीत.

मग जुनं लिलावात टाकलं. शाळा सातवीत सुटली, पण फॉर्म भरताना मी एकही रकाना रिकामा सोडत नाही. 'वस्तूची अवस्था' ह्यापुढे लिहिलं, "सभ्य माणसाने वापरलेलं. रोज पुसलेलं." लगेच लोकांचे प्रश्न यायला लागले.

"आवाज करतं का?"

"मशीन करत नाही. माणसाचाही कमी होतो."

"बरोबर काय काय मिळेल?"

"नळी, पट्टे, पिशवी आणि बाजूच्या झाकणातलं छोटं कार्ड."

हो, मी स्वतः लिहिलं. कार्ड मी पाहिलं होतं. कापसाच्या काडीने त्याच्या कडा पुसल्या होत्या आणि परत जागच्या जागी घातलं होतं. विकलेल्या वस्तूतून काही काढून घेणं बरं दिसत नाही, असं माझ्या आईने शिकवलंय.

एका रिटायर्ड शिंपीकाकांनी बोली जिंकली. ते स्वतः येऊन मशीन घेऊन गेले. मी लंगोटांखालचं काढून पलंगाशेजारी मांडलं. संध्याकाळी हे आले, मशीनकडे बघितलं आणि म्हणाले, "आज जरा जास्तच चमकतंय."

"पुसलंय," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

आठ दिवसांनी हे कार्ड काढून डेपोत घेऊन गेले, आणि दुपारी दोन वाजताच घरी आले. दुपारी दोनला ड्रायव्हर घरी येणं चांगलं नसतं. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"अगं, मी सकाळी नऊ ते चार कुठे असतो?"

"बसमध्ये."

"कुठल्या जागेवर?"

"पुढच्या. असं काय विचारता?"

"डॉक्टरांनी कार्ड कॉम्प्युटरात घातलं. त्यात दिसतंय की मी रोज सकाळी नऊ ते दुपारी चार गाढ झोपतो. मास्क लावून. गेले कितीतरी महिने."

माझ्या हातातली वाटी हातातच राहिली. घुबड! पक्ष्यांची आवड कसली, तो माणूस रात्रपाळीवाला होता, दिवसा झोपणारा!

"शेवटचे आठ दिवस म्हणे रात्रीची झोप आहे," हे पुढे सांगत होते, "तीही तुटक तुटक. डॉक्टर म्हणाले, तपासणी जवळ आली म्हणून नाटक केलंत, आणि तेही धड जमलं नाही. मॅनेजर तिथेच होते. म्हणाले, तरीच तुझी गाडी वळणावर एवढी हळू होते! अगं, वळणावर शाळा आहे म्हणून मी हळू करतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उद्यापासून यार्डात. गाड्या धुवायच्या. चौदा वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण वाटलं, जेवल्यावर सांगू. जेवल्यावर वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी हे पाईप धरून गाड्या धुवायला गेले आणि भिजलेल्या विजारीने परत आले, तेव्हा तर अजिबातच सांगवेना.

तिसऱ्या दिवशी ठकी रांगत ह्यांच्या पायाशी गेली आणि "घे" म्हणून हात वर केले. ह्यांनी घेतली नाही. हात मागे बांधून उभे राहिले.

"तूच घे तिला."

"अहो, तुमच्याकडेच यायचंय तिला."

"नको. कार्डात आहे म्हणजे असेल. झोपलेल्या माणसाला थोडंच कळतं आपण झोपलोय? तिला घेऊन उभा असताना डोळा लागला तर?"

ठकी खाली बसून रडायला लागली, आणि तिच्यापाठोपाठ मी. मग सगळं सांगितलं. नळीपासून घुबडापर्यंत. रडताना शब्द मागेपुढे होत होते, त्यामुळे ह्यांना बराच वेळ वाटलं की ठकीनेच मशीन विकलं.

सगळं लक्षात आल्यावर हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त ठकीला उचलून घट्ट धरलं आणि म्हणाले, "म्हणजे मी गाडीत झोपत नव्हतो."

"नाही हो."

"मला खरंच वाटायला लागलं होतं गं."

त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं कुठल्या शिवीने लागलं नसतं.

लगेच ठकीला काखोटीला मारून मी शिंपीकाकांचं घर गाठलं. वाटेत शंभर शंका. कार्ड फेकलं असेल तर? पुसलं गेलं असेल तर? काका दारातच भेटले, गळ्यात अजून टेप.

"काका, त्या मशीनमध्ये एक कार्ड होतं..."

"ये, बस. पाणी पी आधी." त्यांनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात छोटी छोटी पाकिटं. "पंचेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. खिशात जे निघेल ते पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवायचं. चाव्या, तिकिटं, कोणाच्या प्रेमाच्या चिठ्ठ्या. वस्तू घेतली म्हणून खिशातलं आपलं होत नाही, पोरी. मशीन उघडलं, कार्ड दिसलं, आधी बाहेर काढून ठेवलं."

पाकिटावर लिहिलं होतं, 'सभ्य माणूस.'

मला पुन्हा रडू आलं. आतून काकूंचा आवाज आला, "मशीन परत मागायला आली असेल तर देऊ नका हो! एवढ्या वर्षांनी कळलं मला, आपलं घड्याळ टिकटिक करतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे, मी आणि ठकी, तिघेही डेपोच्या डॉक्टरांपुढे. घुबडाची सगळी हकीगत मी सांगितली. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला. मॅनेजरनेसुद्धा ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "चला, तो झोपाळू माणूस तू नाहीस! आता हे खरं कार्ड बघू, आणि उद्या सकाळी गाडी घे."

हे माझ्याकडे बघून हसले. चार दिवसांनी पहिल्यांदा. मला वाटलं, सुटले मी.

कार्ड आत गेलं. डॉक्टरांचं हसू हळूहळू ओसरलं.

"मशीन रोज लावलंय. पण मास्क रात्रीतून दहा-बारा वेळा निघालाय. रविवारी पंधरा. सलग झोप चाळीस मिनिटांवर कधी गेलेलीच नाही." त्यांनी ह्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही झोपेत काढून टाकता का?"

"नाही साहेब. सकाळी उठतो तेव्हा तोंडावर नीट असतो."

"नीट? पट्ट्यासकट?"

"अगदी बसवून दिल्यासारखा."

"म्हणजे कोणीतरी काढतंय आणि परत लावतंय."

डॉक्टरांनी ठकीकडे पाहिलं. ठकी त्या वेळी त्यांचा शिक्का चोखत होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता, त्याला तीन पाती होती.

"अगं?" हे म्हणाले.

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"तुम्ही आहात की नाही ते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मॅनेजर खोकला आल्याचं करून बाहेर गेले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रागावावं की जवळ घ्यावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि डेपोत दुसरं करता येत नव्हतं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "श्वास अडकून हे जेवढ्या वेळा जागे झाले नसतील, तेवढ्या वेळा तुम्ही ह्यांना जागं केलंत. जांभया मशीनमुळे नव्हत्या."

निकाल असा लागला: पुन्हा पहिल्यापासून तीन महिने. तोपर्यंत हे यार्डातच. आणि कागदावर खाली, औषधाच्या जागी, डॉक्टरांनी लिहून दिलं, "पत्नीने दुसऱ्या खोलीत झोपावे."

आज एकविसावा दिवस. हे सकाळी टवटवीत उठतात, गाणं म्हणत दाढी करतात आणि गाड्या धुवायला जातात. मी पलीकडच्या खोलीत ठकीबरोबर झोपते. दाराला कान लावते, पण दार उघडत नाही. (एकदा उघडलं होतं. फक्त पाहिलं, हात लावला नाही.) ह्यांची चार सेकंदांची गोष्ट आता कोणी ऐकत नाही. डेपोत सगळ्यांना माझीच गोष्ट हवी असते, आणि ती हे अगदी रंगवून सांगतात. मला त्याचं काही म्हणायचा हक्क राहिलेला नाही.

तुमच्या ओळखीत कोणी असं मशीन लिलावात घेत किंवा विकत असेल, तर एवढा निरोप द्या: कार्ड आपलं आपल्याजवळ ठेवा, आणि घुबडाकडून घेऊ नका. आणि सात नंबरच्या बसने जाणारं कोणी भेटलं, तर त्यांनाही सांगा. तिथे ज्या गोष्टी पसरल्यात त्या खोट्या आहेत. आमचे हे चौदा वर्षांत गाडीवर एक मिनिटही झोपलेले नाहीत. गाडीवर असतानाचे शेवटचे तीन महिने तर घरीसुद्धा नाही.