मागे वळून पाहण्याची चौथी पातळी

एका जंगलात एक बँक होती. हसू नका. जंगलात बँक असायला काय हरकत आहे? तुमच्या एवढ्याशा गल्लीत नाहीत का दोन-दोन?

या बँकेत पैसे नव्हते. पावसाळा सरला, की प्राणी इथे आपापले दाणे, बिया आणि सुकलेले आवळे आणून ठेवायचे. उन्हाळ्यात पोट खपाटीला गेलं, की काढून न्यायचे. बँक होती एका बेहड्याच्या ढोलीत. ढोलीला एक गोल भोक, तीच खिडकी. आणि खिडकीच्या आत मंजुळा.

मंजुळा शेकरू होती. शेकरू म्हणजे मोठ्ठी खार. तपकिरी अंग, आणि अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट. मंजुळाचं काम चोख होतं, पण ते तिला पटायचं नाही. दिवसभर सगळ्यांना सगळं नीट दिलं, तरी घरी जाताना वाटायचं, कुठेतरी चुकलंच असणार. घरी गेली, की वाटायचं, आपण पोराला वेळ देत नाही. पोर झोपलं, की वाटायचं, आज फार लवकर झोपलं, अंगात कणकण तर नाही ना?

पोराचं नाव गुंड्या. बँकेच्या अगदी समोर मोहाच्या झाडावर घोरपडमावशींचं पाळणाघर होतं. गुंड्या दिवसभर तिथे असायचा. घोरपडमावशी एकदा मूल धरलं की सोडत नसत. त्यामुळे पालकांचा त्यांच्यावर फार विश्वास होता.

तर झालं काय, डोंगरापलीकडच्या जंगलात म्हणे एक चौकट आली. पात्रता चौकट. बँकेतल्या कुठल्या कामाला काय काय यावं लागतं, हे त्या चौकटीत पातळ्या पाडून लिहिलेलं असतं. म्हणजे या जंगलातला बँकवाला उद्या त्या जंगलात गेला, तरी त्याचं अडत नाही.

"पण कुणी जातं का?" एका हरणाने विचारलं.

त्याला खाली बसवण्यात आलं. मुद्दा जाण्याचा नव्हताच. मुद्दा असा होता, की त्यांच्याकडे चौकट आहे आणि आपल्याकडे नाही.

लगेच आयोग नेमला गेला. अध्यक्ष झाले बगळेसाहेब. कारण एका पायावर इतका वेळ उभं राहून, इतकं टक लावून पाहणारं जंगलात दुसरं कुणी नव्हतं. आयोगाने सोपी पद्धत काढली. सगळ्यांत चांगलं काम करणारी शोधायची. ती काय काय करते ते पाहायचं. तसंच्या तसं मानक म्हणून लिहायचं आणि बाकीच्यांना शिकवायचं. की झाले सगळेच सगळ्यांत चांगले!

शाखाधिकारी होते साळिंदरसाहेब. ते मंजुळाला म्हणाले, "मंजुळाबाई, उद्या बगळेसाहेब तुम्हाला पाहायला येताहेत."

"मला? का हो साहेब? काही चुकलं का माझं?"

"अहो, तुम्ही आदर्श ठरलाय!"

"मग नक्कीच चुकलंय काहीतरी," मंजुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुंड्याला घेऊन पाळणाघरात गेली. घोरपडमावशींनी दारातच त्याच्या नाकाकडे पाहिलं.

"हे काय?"

"काही नाही हो मावशी, सकाळचा गारवा."

"गारवा नाही, शेंबूड आहे. बाकीच्यांना लागला तर? आज घरी ठेव."

आता आज घरी कसं ठेवणार? मंजुळाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गुंड्याला पाठीवर घेतलं आणि वरून शेपूट टाकली. गुंड्या पार दिसेनासा झाला. बँकेत पोर आणायला मनाई होती, पण शेपूट आणायला मनाई नव्हती.

बगळेसाहेब आले. एका पायावर उभे राहिले. पाहू लागले.

मंजुळा गिऱ्हाइकाचे दाणे काढायची आणि द्यायच्या आधी हळूच मान मागे वळवायची. "आहेस ना?" असं पुटपुटायची. मग दाणे द्यायची. पुढचं गिऱ्हाईक. पुन्हा मान मागे. पुन्हा "आहेस ना?" पोर पाठीवरून घसरलं तर नाही ना, एवढंच तिला पाहायचं होतं.

दुपारी बगळेसाहेबांनी पाय बदलला आणि विचारलं, "दर वेळी देण्याआधी आपण मागे वळून पाहता. ते कशासाठी?"

मंजुळाने घाईघाईने पाठीवरची शेपूट सारखी केली. तिच्या तोंडून निघून गेलं, "खात्री करून घ्यावी, म्हणून."

"वा!" बगळेसाहेब म्हणाले. "वा वा!"

मानक तयार झालं. खिडकीवरचं काम ही चौथी पातळी ठरली आणि तिचा पहिला निकष असा होता: 'देण्यापूर्वी मान डावीकडून मागे वळवून, मृदू स्वरात "आहेस ना?" असे विचारणे.' शिलकीची अशी आपुलकीने चौकशी करणारी दुसरी पद्धत कुठल्याच जंगलात नाही, असं आयोगाने म्हटलं. आजूबाजूच्या पाच जंगलांनी ते मानक लगोलग उचललं.

जुन्या-नव्या सगळ्यांना परीक्षा सक्तीची झाली. पास होईल तो खिडकीवर. नापास होईल त्याची बदली नदीपलीकडच्या शाखेत. तिथे गिऱ्हाईकच येत नसे, त्यामुळे मानक लागत नसे.

मंजुळाने नदी पाहिली होती. दोन्ही काठांवरच्या फांद्यांमध्ये ही एवढी मोठी उडी. तिला जमायची, गुंड्याला जमण्यातली नव्हती. म्हणजे तो राहणार इकडे मावशींकडे, रात्रीसुद्धा, आणि ती तिकडे.

"अहो, तुम्ही कशाला घाबरता?" साळिंदरसाहेब म्हणाले. "मानक तुमच्यावरूनच तर लिहिलंय!"

"म्हणूनच," मंजुळा म्हणाली.

परीक्षेआधी प्रशिक्षण होतं. शिकवायला वानरसर होते. वानरसरांनी आयुष्यात कधी दाणा साठवला नव्हता. मिळाला की खाल्ला. पण नक्कल उत्तम करायचे.

"मान डावीकडून! मंजुळाबाई, डावीकडून! अहो, तुम्ही सारखी उजवीकडून वळवता."

"पण सर, त्या दिवशी तो डाव्या बाजूला... बरं सर, एक विचारू? हे मागे कशासाठी पाहायचं?"

वानरसरांनी कपाळाला हात लावला. "कारण विचारणं चौथ्या पातळीत येत नाही, बाई. ते सातव्या पातळीत येतं. आणि सातवी अजून लिहायची आहे."

मंजुळाने घरी सराव केला. ती मान वळवून म्हणायची, "आहेस ना?" की कोपऱ्यातून गुंड्या ओरडायचा, "आहे ना!" आणि दोघं हसत सुटायची. घरी तिचं एकदाही चुकलं नाही.

परीक्षेच्या दिवशी गुंड्या पाळणाघरात होता. खिडकीतून मोहाचं झाड समोरच दिसायचं. आणि त्या दिवशी तो नेमका सगळ्यांत बारीक फांदीवर चढून बसला होता. मावशींची त्याच्याकडे पाठ होती. मंजुळाने पहिल्या गिऱ्हाइकाला दाणे दिले, समोर पाहत. दुसऱ्याला दिले, समोर पाहत. गुंड्या फांदीच्या टोकाला पोचला. तिसऱ्याला दिले. डोळ्याची पापणी लवली नाही. शेवटी मावशींनी वळून त्याची शेपटी धरली, तेव्हा कुठे मंजुळाने श्वास सोडला.

"संपली परीक्षा," बगळेसाहेब म्हणाले. "नापास."

"पण दाणे सगळ्यांचे बरोबर दिले, साहेब!"

"दिले असतील. पण एकदाही मागे पाहिलं नाहीत. मी नीट पाहत होतो. आपण पूर्ण वेळ फक्त समोर पाहत होतात."

मंजुळाला रडू फुटलं. मग काही लपवावंसं वाटेना. "साहेब, खरं सांगते. त्या दिवशी माझ्या पाठीवर पोर होतं. पोर! त्याला सर्दी होती, म्हणून शेपटीखाली घेऊन आले होते. ते पडेल म्हणून मी मागे पाहत होते. तुमच्या त्या मानकात काही अर्थ नाही!"

साळिंदरसाहेबांचे काटे उभे राहिले. आता आभाळ कोसळणार, असं सगळ्यांना वाटलं.

बगळेसाहेब मात्र शांत होते. त्यांनी मानक वरपासून खालपर्यंत वाचलं. "यात पोराचा उल्लेख नाही," ते म्हणाले. "पुढचा परीक्षार्थी!"

पुढचा परीक्षार्थी मुंगूस होता. त्याने मान अशी झोकात वळवली आणि "आहेस ना?" असं मृदू स्वरात विचारलं, की परीक्षकांचे डोळे भरून आले. त्याला खिडकी मिळाली. मंजुळाला सांगितलं, पौर्णिमेपर्यंत आत बसून बिया निवडा, मग नदीपलीकडे.

मंजुळाने घरातलं सामान बांधायला घेतलं. सामान थोडंच होतं. पण गुंड्याचं काय काय मावशींना सांगायचं, ते काही केल्या संपेना. पोटावर झोपतो. कडू बी दिली की थुंकतो. रात्री दचकला, तर नुसता हात ठेवायचा, बोलायचं नाही.

इकडे खिडकीवर गंमत झाली. मुंगूसभाऊ दाणे काढून खिडकीत ठेवायचे, मान मागे वळवायचे आणि विचारायचे, "आहेस ना?" तेवढ्यात कावळा यायचा. मुंगूसभाऊ मान पुढे आणेपर्यंत दाणे नसायचे. पाचही जंगलांत हेच सुरू झालं. कावळ्यांना एवढं आयतं कधी मिळालं नव्हतं. त्यांनी आयोगाला अभिनंदनाचा ठराव पाठवला.

गिऱ्हाइकं चिडली. आयोग बसला.

"मागे पाहणं बंद करू या," साळिंदरसाहेब चाचरत म्हणाले.

"बंद?" बगळेसाहेब दचकले. "पाच जंगलांनी उचललेलं मानक? आणि जे पास झाले, त्यांचं काय? छे छे. मागे पाहणं बरोबरच आहे. समोर पाहायला कुणी नाही, ही उणीव आहे. पाचवी पातळी काढू. समोर पाहणे."

सगळ्यांना एकदम पटलं. फक्त एक अडचण होती. समोर पाहण्याचं प्रशिक्षण अजून कुणाचंच झालं नव्हतं. अनुभवी माणूस, म्हणजे प्राणी, आणायचा कुठून?

बगळेसाहेबांनी डोळे मिटले. मग उघडले. "एक जण आहे," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. पूर्ण वेळ, एकदाही न चुकता."

अशा रीतीने, आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन, मंजुळाला थेट पाचवी पातळी मिळाली. बदली रद्द. बांधलेलं सामान सुटलं. आता तिचं काम एकच. दिवसभर खिडकीतून समोर पाहायचं. समोर काय होतं? मोहाचं झाड. इतकं मन लावून काम करणारी कर्मचारी आयोगाने कधी पाहिली नव्हती.

मागे पाहणारा आणि समोर पाहणारी एकाच वेळी पाहताहेत ना, हे पाहायला सहावी पातळी निघाली. ती साळिंदरसाहेबांना मिळाली. दाणे प्रत्यक्ष हातात देणं ही दुसरी पातळी होती. ते पद अजून भरायचं होतं. तोवर गिऱ्हाइकांनी आपले आपण घ्यावेत, असं ठरलं.

एके दिवशी ससोबा आजोबा आले. त्यांनी मागे पाहणाऱ्या मुंगसाला पाहिलं. समोर पाहणाऱ्या मंजुळाला पाहिलं. दोघांकडे पाहणाऱ्या साळिंदराला पाहिलं. मग वाकून, कण्हत-कुंथत, स्वतःच आपले शेंगदाणे काढून घेतले.

"मंजुळे," ते म्हणाले, "पूर्वी हे सगळं तू एकटीच करायचीस ना गं?"

"करायचे की, आजोबा," मंजुळा समोरून नजर न काढता म्हणाली. "पण तेव्हा मला येत कुठे होतं?"

तात्पर्य: मुलांनो, परीक्षेत नापास व्हायचंच असेल, तर अर्धवट होऊ नये. चांगलं मन लावून, सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असं व्हावं. आज जे आपल्याला येत नाही म्हणतात, त्याचीच उद्या वरची पातळी निघते.