घोड्यांच्या पाण्याची बखर

श्री जलदेवता प्रसन्न. जी तारिते तीच बुडविते, तिला आधी नमन, मग धन्यास, मग वाचणारास. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतिनाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. ते समयी समुद्राचे काठी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आम्हास मनाई आहे आणि गरजही नाही, कारण जो वाचील त्यास ते आपलेच वाटेल. राजे लहान होते म्हणोन गादीचा कारभार आईसाहेब पाहात होत्या. पुढले हंगामी घाटावरून गनीम उतरणार ऐसी बातमी आली, आणि पागेतील घोडे तर रोगाने खपले होते, मग आईसाहेबांनी विचार केला की समुद्रापार अरबांचे मुलखातून सहा उमदे घोडे आणावे आणि त्यांची पैदास करावी. मग लखमोजी तांडेल यास तारू दिले. लखमोजी बोलण्यास कडू, परंतु समुद्रात त्याचेसारखा दुसरा नव्हता. घोड्यांचे राखणीस जोत्याजी शिलेदार आपले शिलेदारांसह दिला, सुकाणावर इस्माईल सुकाणी दिला, आणि सर्वांवर सरकारचे वतीने अंताजीपंत कारकून नेमिले. पंतांस निरोप देते समयी आईसाहेब बोलिल्या की, "घोडे आधी, माणसे मागून. घोड्यांचे पाण्यास माणसाने तोंड लाविले तर पंत, तुमची मान राहणार नाही." आणि बंदरावर बायका रडू लागल्या तेव्हां लखमोजी त्यांस बोलिला की, "उगी राहा. गेले तितके परत आणीन. एकही कमी आणणार नाही." आता एकाने घोडे आधी म्हणावे आणि दुसऱ्याने माणसे आधी म्हणावी, आणि दोघांनी एकाच तारवात बसावे, हे काही शुभ चिन्ह नव्हे, परंतु निघते समयी ते कोणाचे ध्यानी आले नाही.

मग पाणी भरण्याची गोष्ट निघाली आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले. तारवावर पाण्याची चार पिंपे चढविली. एक पंतांचे सोवळ्याचे, एक शिलेदारांचे, एक कोळी खलाशांचे, एक इस्माईल सुकाणी आणि त्याचे जातभाईंचे. लखमोजीने सांगितले की चारही पिंपे तारवाचे पोटात एकावर एक रचावी आणि दोराने आवळावी, म्हणजे वादळात हलणार नाहीत. तेव्हां दरबारी प्रश्न उठला की कोणाचे पिंप कोणाचे वर? ज्याचे वर त्याचे पाणी खालच्यावर ठिबकणार, तर खालच्याचा धर्म जाणार. आणि ज्याचे खाली त्याचा मान जाणार, तो कोठे भरून यावा? शास्त्री आले, मानकरी आले, सरदार आले, आणि पुष्कळ दिवस खल जाहला, वारा अनुकूल होता तो वाहून गेला. शेवटी ऐसा निवाडा जाहला की कोणाचेच वर नको आणि कोणाचेच खाली नको, चारही पिंपे वरल्या फळ्यांवर उघड्यात, डोलकाठीचे दोहों बाजूंस, एका रांगेने मांडावी. लखमोजीने हात जोडून अर्ज केला की, "सरकार, समुद्रास मानपान कळत नाही. वर ठेविलेले पहिल्याने जाईल." तेव्हां दरबार हसला. एक मानकरी म्हणाले, "तांडेल, तू होडी हाक. शास्त्र आम्ही पाहू." घोड्यांसाठी मात्र लाकडी हौद केला होता, तो थेट तारवाचे पोटात, तळाशी, चहूंकडून ठोकून बसविला. घोड्यांचे मानाविषयी कोणाचेच भांडण नव्हते, म्हणोन त्यांचे काम नीट जाहले.

जाणे सुखरूप जाहले. अरबांचे बंदरी सहा घोडे घेतले, हौद आणि पिंपे गोड्या पाण्याने भरिली, आणि वैशाखात माघारी फिरले. अर्ध्या वाटेवर पश्चिमेस आभाळ काळे जाहले आणि मग वारा सुटला तो ऐसा की खलाशांनी आपले बापाची नावे टाकून देवाची घेतली. मोठे शीड फाटले. एक लाट डोलकाठीएवढी वर चढली आणि फळ्यांवरून अशी गेली की रांगेने मांडिलेली चारही पिंपे, सोवळ्याचे काय आणि खलाशांचे काय, एकाच वेळी समुद्रात गेली. मानात कोणी मागे राहिले नाही. पाऊस पडला तो लाटांचे खारात मिसळला, तोंडी लावण्याजोगा राहिला नाही. मग वादळ गेले आणि वारा ऐसा पडला की फाटके शीड हलेना. ऊन तापू लागले. तारवावर गोडे पाणी म्हणोन एवढे हौदातले, ते घोड्यांचे.

लखमोजी हौदाकडे उतरला तो जोत्याजी शिलेदार तरवार उपसून आडवा उभा. जोत्याजीचेही ओठ फाटले होते, डोळे आत गेले होते. तो बोलिला, "तांडेल, पुढे येऊ नका. हुकूम आहे."

"हुकूम मलाही ठाऊक आहे. बाजूला हो."

"घोडे मेले तर मी कोणते तोंड दाखवू?"

"आणि आम्ही मेलो तर घोडे शीड ओढतील काय? सुकाणावर घोडी बसवशील? माणसे वाचली तर घोडे घरी जातील. माणसे मेली तर घोडेही इथेच. एवढा हिशेब तुला येत नाही?"

जोत्याजीने तरवार खाली केली नाही. मग दोघांनी पंतांकडे पाहिले, कारण हुकूम पंतांचे गळ्यास बांधिला होता. अंताजीपंत डोलकाठीस टेकून बसले होते. ते डोलकाठी धरून उठले. मग म्हणाले, "जोत्याजी, वाट दे. मान माझी आहे, तुझी नव्हे." आणि हौद उघडिला. मग ठराव जाहला की घोड्यास एक डोलची आणि माणसास एक ओंजळ, कमी नाही, जास्त नाही, आणि वाटप जोत्याजीने करावे, कारण घोड्यांचा कैवारी तोच. मग खलाशी प्याले, शिलेदार प्याले, इस्माईल प्याला. पंत मात्र प्याले नाहीत. डोलची चामड्याची, हात जोत्याजीचा, आणि जिचेखाली इस्माईलने ओंजळ धरिली तीच डोलचीची कड. पंतांनी तोंड फिरविले. सांजेपर्यंत त्यांस बोलवेना.

लखमोजी जवळ येऊन बसला. इतर वेळी पंतांचे सावलीस तो पाय लावीत नसे, आता मांडीस मांडी लावून बसला आणि म्हणाला, "पंत, धर्म राहील. पण तो धरायला कोण राहील?"

पंत पुटपुटले, "तुला कळायचे नाही रे."

"नसेल कळत. पण बंदरावर तुमची बायको उभी होती, तिलाही मी शब्द दिला आहे. तुम्ही नाही प्यालात तर मी तुमचे तोंड उघडून ओतीन. मग पाप माझे, खुशाल लावा. पण मी एक माणूस कमी नेणार नाही." ऐसे म्हणोन त्याने खरेच बाही वर केली. तेव्हां पंत हसले. कसे हसले कोण जाणे, ओठांतून रक्त आले. मग डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "थांब. हे पाणी कोणाचे?"

"घोड्यांचे."

"घोड्यास जात आहे?"

"नाही बा."

"गंगेत घोडे पाणी पितात म्हणोन गंगा बाटते काय? नाही बाटत. तर मग आम्ही कोणा माणसाचे पाणी पीत नाही, घोड्यांचे पितो. आण ती डोलची." आणि प्याले. प्याले आणि रडले, आणि आम्हास विचाराल तर तोच त्या सफरीतला मोठा पराक्रम. वादळात तग धरणारे पुष्कळ असतात.

मग लखमोजीने घोड्यांचे अंगावरच्या झुली काढविल्या आणि खलाशांस बसवून शिडाची भोके त्या झुलींनी शिविली. वारा थोडका आला तरी धरिला. रात्र नाही दिवस नाही, इस्माईलचे हात सुकाणास चिकटले ते सुटेनात. ओंजळीची अर्धी ओंजळ जाहली, डोलचीची अर्धी डोलची जाहली. जोत्याजीची आवडती पांढरी घोडी एके सकाळी बसली ती उठली नाही. जोत्याजीने तिचे तोंड मांडीवर घेतले, आपली ओंजळ तिचे जिभेवर सोडिली, परंतु ती गेली. तो तिचे मानेस मिठी मारून ओक्साबोक्शी रडला आणि कोणी त्यास उठ म्हटले नाही. लखमोजीनेही आपले मुंडासे काढून हाती घेतले. पुढे हौदाचे तळाशी चिखल राहिला तोही फडक्याने पिळून प्याले. आणि मग किनारा दिसला.

बंदरावर माणसे उतरली ती गेली तितकी उतरली. घोडे पाच. मग दरबार भरला. शास्त्रीबोवांनी पहिलाच प्रश्न केला की, "पंत, पिंपे तर बुडाली. मग पाणी कोणाचे प्यालात?"

पंत म्हणाले, "घोड्यांचे."

शास्त्रीबोवांनी पोथी चाळली. कोणाचे पाणी प्याल्यास कोणते प्रायश्चित्त, सर्व लिहिले होते, घोड्याचे कोठेच नव्हते. पोथी उलटी धरून पाहिली, तरी नव्हते. मग त्यांनी पोथी बांधिली. आईसाहेब बोलिल्या, "प्रायश्चित्त राहू द्या. हुकूम मोडिला त्याचे काय? एक घोडी मेली."

पंत पुढे जाहले आणि मान लववून उभे राहिले. तेव्हां लखमोजी पंतांचे आड आला आणि बोलिला, "आईसाहेब, घोडी आम्ही मारिली. तिचे वाट्याचे आम्ही प्यालो. खोटे सांगत नाही. पुन्हा पाठवाल तर पुन्हा हेच करीन. म्हणोन काय ती शिक्षा आत्ताच करा, मागून पुन्हा तोच हुकूम देऊ नका." आईसाहेब बाहेर बंदराकडे पाहात राहिल्या. तिथे बायका आपापल्या माणसांचे तोंडात भात घालीत होत्या. मग म्हणाल्या, "एक घोडी कमी आहे. ती आणण्यास पुन्हा जावे लागेल. कधी निघाल?"

लखमोजी म्हणाला, "पावसाळा सरला की. पण पाण्याचा हौद एकच, आणि तारवाचे पोटात." तत्क्षणी मानकरी उठले की एकच हौद तो कोणाचे नावे? आईसाहेबांनी हात वर केला आणि पंतांकडे पाहिले. पंत म्हणाले, "घोड्यांचे नावे." आणि तैसा हुकूम जाहला.

तात्पर्य, तेव्हांपासून त्या राज्याचे तारवांवर पिंपांची रांग बंद जाहली. पुढे घोडे आणणे थांबले, तारवे नारळ नेऊ लागली, भात नेऊ लागली, परंतु पोटातले हौदास घोड्यांचे पाणीच म्हणतात. शास्त्रीबोवाही एकदा द्वारकेस समुद्रमार्गे गेले. उन्हाने घसा सुकला तेव्हां इकडे तिकडे पाहोन खलाशास हळूच म्हणाले, "बाबा, थोडे घोड्यांचे दे." त्याने दिले, आणि ते प्याले. ऐसी ही हकीकत, जैसी ऐकिली तैसी लिहिली.