ब्लडी: शिवी की माउलीची शपथ

माणसाचा धर्म प्रार्थनेत दिसतो आणि स्वभाव अंगठा ठेचल्यावर. यॉर्कशरमधल्या ग्रिम्सडेल गावच्या चर्चमध्ये हे दोन्ही एकाच वेळी दिसले. पाद्रीबाबा स्तोत्र आळवत असताना विल्फ बूथरॉइडच्या पायावर जाडजूड स्तोत्रसंग्रह पडला. चाळीस वर्षं गायकवृंदाचा खर्ज सांभाळणारा विल्फ मोठ्याने "ब्लडी!" म्हणाला. (सुरात म्हणाला, असं ऑर्गनवाल्याचं मत आहे.)

तातडीने समिती नेमण्यात आली. शब्द मुळात वाईट ठरला, तर विल्फला ईस्टरला गाता येणार नव्हतं. बायको गेल्यापासून तो आठवडाभर कुणाशी बोलत नसे. मनातलं सगळं रविवारी गाऊन टाकी. म्हणून प्रत्येक बैठकीला तो टोपी हातात धरून दाराशी बसे.

समितीने काम कसोशीने केलं. शब्दाचा अर्थ कळायचा, तर तो उच्चारून पाहणं आलंच. अध्यक्ष मेटकाफबाईंनी तो सतरा प्रकारे उच्चारला: हवेबद्दल, जावयाबद्दल, कपात चहाच्या आधी दूध ओतणाऱ्यांबद्दल. चिटणीसांना अर्थ लवकर उमगेना, म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा उच्चारला. बैठकांना हजेरी शंभर टक्के होती (प्रार्थनेला अठरा).

"बाई, मी आपला एकदाच म्हटला हो," विल्फ म्हणाला.

"तू शिवी दिलीस. आम्ही संशोधन करतोय. आता ब्लडी गप्प बस!"

चौदाव्या बैठकीत पाद्रीबाबांना एक ऐकीव व्युत्पत्ती सापडली. 'बाय अवर लेडी', म्हणजे माउलीची, देवमातेची शपथ, घाईत घेतली की होतं 'ब्लडी'. भाषापंडितांना हे पटत नाही. पण पंडितांना खर्ज लावता येत नाही, आणि ईस्टर तर चार दिवसांवर आला होता. ठराव झाला: विल्फने शिवी दिली नसून नामस्मरण केलं.

ईस्टरला तो असा गायला, की पाद्रीबाबांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

अडचण मागाहून आली. शब्द पवित्र ठरल्यापासून त्याने कुणाचीच कळ शमेना. बोट चेमटल्यावर देवाचं नाव घ्यावं, इतकं काही ते गाव भाविक नव्हतं. पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात मेटकाफबाईंचं बोट सापडलं आणि त्यांनी एक कोरा करकरीत शब्द काढला.

"बाई," विल्फने हात जोडून विचारलं, "ही कुठली माउली?"

नवी समिती बसली आहे. तो शब्द इथे छापण्यासारखा नाही.

हिरमोड झाला ना? समितीत दोन जागा रिकाम्या आहेत.