देव्हाऱ्याखालची स्क्रीन

स्क्रीन उलटी टांगायची, एवढंच ठरलं होतं. तेही अमोलने नाही, त्याच्या आईने.

झालं असं की अमोलने मुरबाडची कंपनी सोडून घरी एक मशीन बनवलं. तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटरचा बोर्ड आणि त्याला जोडलेली वहीएवढी टच स्क्रीन. स्क्रीनवर चार चौकोन. वर डावीकडे ‘मोटर चालू’, वर उजवीकडे ‘दिवा’, खाली डावीकडे ‘गोठ्याचा पंखा’, खाली उजवीकडे ‘मोटर बंद’. सापगावात त्याची विहीर घरापासून पाच मिनिटांवर. टाकी भरली की मोटर बंद करायला कोणीतरी चप्पल न घालता पळायचं, ते आता संपणार होतं. बायको रंजिताने दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर मशीनला गिऱ्हाईक नाही मिळालं तर अमोल परत कंपनीत, खोके चिकटवायला.

भिंतीवर मोकळी जागा फक्त देव्हाऱ्याखाली होती, आणि स्क्रीनची वायर वरून निघून देवांच्या फोटोवरून जात होती. त्याची आई जिवली म्हणाली, “देवाच्या तोंडावरून वायर न्यायची नाय. उलटी टांग.” अमोलने स्क्रीन उलटी टांगली आणि सेटिंगमध्ये जाऊन चित्र सुलटं केलं. जिवलीने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. अमोलने ‘मोटर चालू’ दाबलं. काहीच झालं नाही. ‘दिवा’ दाबला, तर गोठ्यातला पंखा सुरू झाला आणि म्हशीने मान वर करून घराकडे पाहिलं.

पुढचे चौदा दिवस तपास चालला. माउस जोडला की सगळं बरोबर, बोट लावलं की गडबड. म्हणून अमोलने निष्कर्ष काढला की खोट बोटांत आहे. नाचणी कापून राठ झालेली बोटं स्क्रीनला कळत नाहीत, असं सांगून त्याने जिवलीला दोन वेळा क्रीम लावायला लावलं. (त्याच्या स्वतःच्या बोटाने गडबड व्हायची तेव्हा दोष चार्जरचा असायचा.) तीन चार्जर बदलले, दोन केबली बदलल्या. मुरबाडला मोबाईल दुरुस्त करणाऱ्या रविंद्रला फोन केला, त्याने स्क्रीन गार्ड लावायला सांगितला. तोही लावला. आता गडबड गार्डच्या आतून व्हायला लागली.

एक गोष्ट अमोलच्या ध्यानात आली नाही. या चौदा दिवसांत घरात पाणी कधी कमी पडलं नव्हतं, आणि दिवाही वेळेवर लागत होता.

मग रविवार उजाडला. शहापूरहून दामिनी मॅडम मशीन बघायला येणार होत्या. त्यांचं शेतीपंपांचं दुकान, गावोगावी गिऱ्हाईक. जिवली आणि रंजिता शेतावर गेल्या होत्या. अमोलने पुसायला म्हणून स्क्रीन काढली आणि टेबलावर उलटसुलट ठेवून बघताना हात थांबला. चित्र त्याने फिरवलं होतं, बोटाची जागा फिरवायची राहिली होती. वर डावीकडे दाबलेलं खाली उजवीकडे लागत होतं. एवढंच. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली आणि मशीन शहाणं झालं. घरच्यांना तो मॅडमसमोर चकित करणार होता.

मॅडम आल्या, स्कूटर टाकीखालच्या सावलीत लावली. तेवढ्यात जिवली आणि रंजिताही परतल्या. अमोलने ‘मोटर चालू’ दाबलं, आणि लांब विहिरीवर मोटर घुरघुरली. मॅडमनी मान डोलावली. अमोल मग पाण्याची बचत, वेळेची बचत आणि येणारा काळ यावर बोलत राहिला. टाकी त्याच्यासाठी थांबली नाही.

बाहेरून शेजारची चंद्रकला ओरडली, “गो रंजिता, टाकी वाहते!”

जिवली उठली, आणि सराईत हाताने ‘मोटर चालू’ दाबलं. मोटर थांबेना. रंजिताने तेच दाबलं, जरा जोरात. चंद्रकला धावत आली, तिनेही तेच दाबलं.

“बंद दाबा,” अमोल म्हणाला, “बंद!”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा ‘चालू’ दाबलं.

शेवटी मॅडमनी उठून स्वतः ‘बंद’ दाबलं. बाहेर स्कूटरच्या सीटवरून अजून धार लागली होती. मॅडमनी शांतपणे विचारलं, “तुम्ही बंद करायला चालू का दाबता?”

“पयल्या दिवशीच कळलं,” रंजिता म्हणाली. “तिरका समोरचा कोपरा दाबायचा. आईंच्या नि चंद्रकलाच्या ध्यानात ऱ्हावं म्हणून सोपं करून सांगितलं. हे सांगतील त्याच्या उलट करायचं.”

“मग मला का नाय सांगितलंस?”

“तुमी विचारलंच नाय. तुमी चार्जरला विचारत होता.”

चौदा दिवस अमोल मशीनला काय होतंय ते शोधत होता, आणि उत्तर रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत होतं.

मॅडम रंजिताकडे वळल्या. मग म्हणाल्या, “मशीन जोडणारी पोरं शहापुरात चार मिळतात मला. बिघडलेलं मशीन एका दिवसात सासूला आणि शेजारणीला शिकवणारी मिळत नाही. रंजिता, सोमवारपासून येशील?”

तर दिवाळीच्या आधी घरात नोकरी आली, आणि अमोलची कंपनी टळली. रंजिता सकाळच्या एसटीने शहापूरला जाते, मॅडमच्या गिऱ्हाइकांना मशीन शिकवते. घरची स्क्रीन जिवलीने पुन्हा होती तशी करून घेतली, हाताला वळण पडलंय म्हणाली. अमोलने ती एक ओळ स्वतःच्या हाताने पुसली.

आता तिन्हीसांजेला रंजिता यायच्या आधी अमोल दिवा लावायला जातो, विचार करतो, आणि ‘दिवा’ दाबतो. गोठ्यातला पंखा सुरू होतो. म्हैस हल्ली मानसुद्धा वर करत नाही. मग अंधारातून अमोलचा आवाज येतो, “आये, दिवा लाव गो.”